भंडाऱ्यानं बांधलेला रांजण

सारजाबाईला भांडं कळायचं. माणूस कळायचा का, ते पुढं बघूच. पण भांड्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं पौडाच्या बाजारात कुणी नव्हतं. भिकू कुंभार तिला लांबून येताना बघायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "आली बघ, माझी परीक्षा घ्यायला." ती खाली बसायची, पदर खोचायची आणि एकेक मडकं मांडीवर घेऊन बोटाच्या पेरानं वाजवायची. बद्द आवाज आला की बाजूला. खणखणीत आला की त्याला जिभेचं टोक लावून बघायची. जीभ चिकटली तर मडकं कच्चं भाजलेलं, ते पोटातला माल पिणार.

"वैनी, नवरी बगायला बी कुनी इतका येळ लावत न्हाई," भिकू वैतागून म्हणायचा.

"नवरी घरात आल्याव सुदारती. मडकं न्हाई सुदारत."

ही माणदेशची लेक. तिकडं ज्वारीचा मुलूख, जांभळं म्हणजे बाजारातनं आणायची चीज. लग्न होऊन मुळशी पेट्यात, पौडाच्या वरच्या अंगाला मुळेच्या काठच्या वाडीत आली, तर पायाखाली जांभळांचा चिखल! पोरीला वेडच लागायची पाळी आली. सासूनं तिला जांभळाचा शिरका करायला शिकवलं. रस काढायचा, रुंद तोंडाच्या मडक्यात भरायचा, वर फडकं बांधून वाऱ्यावर ठेवायचा. दिवस जातील तसा तो असा आंबट होतो की थेंब जिभेवर ठेवला तर डोळे आपोआप मिटावेत. पोटात दुखू दे, अन्न अंगी लागेनासं होऊ दे, लोक वाटी घेऊन दारात यायचे. सासू गेली, आणि वाडीचा शिरका सारजाबाईच्या नावानं ओळखला जाऊ लागला.

आता यात एक मेख आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गोड रस एकदम आंबट होत नाही. मधे काही दिवस तो दारू असतो. चक्क दारू. आणि सारजाबाईचा नवरा गेणबा हा त्या मधल्या दिवसांचा माणूस होता.

गेणबा कामाला वाघ. लावणीला चिखलात उतरला की दोघांचं काम एकटा ओढायचा. पण संध्याकाळ झाली की पाय घराकडं वळायचे नाहीत. राज्यात दारूबंदी आली तेव्हा बायकांनी देवापुढं साखर ठेवली. पण दारू काही बंद झाली नाही, नुसती ओढ्याच्या कडेला झुडपात जाऊन बसली. त्या गुळाच्या भट्टीवर गेणबानं शरीराचं वाटोळं करून घेतलं. एके वर्षी रक्ताची उलटी झाली आणि माणूस जातोय का राहतोय अशी वेळ आली. राहिला. उठून बसता आलं तसा काठी टेकत खंडोबाच्या देवळात गेला आणि चार माणसांदेखत बेलभंडारा उचलला. परत थेंबाला शिवणार नाही म्हणाला, आणि शिवला नाही. उरलेला भंडारा सारजाबाईनं डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवला, आणि त्याच दिवशी शिरक्याची मडकी परसात नेऊन पालथी घातली.

लोकांना वाटलं, बाई सुटली. सुटली खरी. पण खोटं कशाला बोला, तिचा हात शिवशिवायचा. जांभळाचे दिवस आले की ती झाडाखालून जाताना मान वर करत नसे. गेणबाला प्यायची तलफ होती, हिला करायची होती. त्याच्या तलफेला देव होता, शपथ होती, वाडीची नजर होती. हिच्या तलफेला कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं.

अशात पौडाच्या वैद्यबुवांनी तिला बोलावणं धाडलं.

वैद्यबुवा आसवं करायचे, म्हणजे रस आंबवून केलेली औषधं. औषध म्हणून करायची त्यांना मुभा होती आणि पुण्याहून गिऱ्हाईक यायचं. पण आता त्यांचे हात कापायला लागले होते, आणि जुना मदतनीस लेकाकडं निघून गेला होता. "सारजाबाई," ते म्हणाले, "मला जांभळाचं आसव हवंय. मधुमेहाचे लोक फार विचारतात. तुझ्या शिरक्याची ही थोरली बहीण समज. फक्त हिला आंबट होऊ द्यायचं नाही, मधेच थांबवायचं."

मधेच म्हणजे कुठं, ते सारजाबाईला बरोबर कळलं. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "भांडं कंचं घ्यायचं?"

झालं! तिथंच तिचा होकार गेला.

वैद्यबुवांनी नीट समजावून सांगितलं. भांडं रुंद तोंडाचं घे, म्हणजे हात आत जाईल आणि धुता येईल. लोखंड रसाला लागू देऊ नकोस, रस काळा पडतो. तांब्यापितळेचं तर नावच नको, कल्हई कितीही चांगली असली तरी आंबट रस तिला खातो. पाव भांडं रिकामं ठेव, रस उकळल्यासारखा वर येतो. आणि मुख्य म्हणजे, पहिले काही दिवस तोंड सैल बांध. आतला वारा बाहेर पडला पाहिजे. बुडबुडे थांबले की मगच कापडमाती करून पक्कं बंद कर. सारजाबाई मान हलवत होती. ऐकत होती का, हा भाग वेगळा. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: यात पेला जाता कामा नये.

म्हणून भिकूकडं जाऊन तिनं आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या तोंडाकडं बघून रांजण निवडला. पोट मोठं, गळा असा अरुंद की मूठ आत गेली तर बाहेर यायची नाही. भिकू बघतच राहिला. "वैनी, ह्यो धुनार कसा तुमी?"

"माजं मी बगीन."

"आन वाजवून न्हाई बगितला?"

"वाजतोय त्यो. दे मुकाट."

तयारी मात्र तिनं जिवापाड केली. वरच्या डोंगरवाडीची कोंडाबाई जांभळाच्या पाट्या घेऊन आली, येताना वाळवलेली धायटीची फुलंही घेऊन आली; आसव उठायला तीच लागतात. रांजण निखाऱ्यावर पालथा धरून आत उदाचा धूर दिला, चिंधी काठीला गुंडाळून आतनं तूप फिरवलं. जांभळं काठवटीत हातानं कुस्करली, बिया वेगळ्या केल्या, मांजरपाटातनं रस गाळला, गूळ विरघळवला. हात कोपरापर्यंत जांभळे झाले. कोंडाबाई म्हणाली, "बाय, तू आज लगनातल्यावानी दिसतीस." सारजाबाई लाजली. कितीतरी वर्षांनी तिला असं बरं वाटत होतं.

गेणबानं दारातनं बघितलं. बैल सोडून घेऊन गेला. हिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

गोठ्याच्या पडवीत भाताच्या तुसाचा ढीग होता. त्यात रांजण गळ्यापर्यंत पुरला. तूस ऊब धरून ठेवतं, आसवाला ती लागते. आणि मग बाईनं ते केलं, जे वैद्यबुवांच्या कुठल्याही पोथीत सापडलं नसतं. तोंडावर फडकं, फडक्यावर माती, मातीवर शेण, परत फडकं, परत माती. इतकं करूनही समाधान होईना. ती देव्हाऱ्यापाशी गेली, डबी उघडली आणि बेलभंडाऱ्याचा तो भंडारा ओल्या मातीवर चोळून आली. ज्या भंडाऱ्यावर गेणबानं शपथ घेतली, तो फोडून हा आत हात घालणार नाही. कुलूप मोडता येतं, हे कसं मोडणार?

हुशारी बघा! आणि या हुशारीनंच घात केला. कारण दोन दिवसांनी आतनं बुडबुड्यांचा आवाज यायला लागला, तोंड सैल करायची वेळ आली, तेव्हा तिचाच हात पुढं होईना. भंडारा नखानं खरवडायचा? देवाची आण उकरायची? ती तुसात गुडघे टेकून बसायची, हात जोडायची आणि उठून यायची. वाडीत कुणाचाच हात झाला नसता. "मातीचं भांडं हाय, आतला वारा घामासंगं गाळून टाकील," असं मनाला सांगून ती लावणीला जायची. पण तूप फिरवलेलं मडकं घाम गाळत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच?

आषाढाचा पाऊस धो धो कोसळत होता. भर दुपारी सगळी वाडी चिखलात वाकलेली. गेणबा बैल बदलायला घरी आला होता. आणि गोठ्यातनं धाडकन आवाज झाला.

बायका धावल्या. रांजणाचं पोट उभं फाटलं होतं. तूस, शेण, आसव यांचा जांभळा लगदा पडवीभर पसरला होता आणि वास असा की नाकाला पदर लावावा. मधोमध गेणबा उभा. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. मिशीतनं थेंब गळत होते.

शेजारची रंभाबाई म्हणजे तोंडाला झाकण नसलेली बाई. "अगं बया! फोडलं की गं!" ती म्हणाली. कुणी फोडलं ते तिनं सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

सारजाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. एकच नजर. पण त्या नजरेत सगळं होतं: ओढ्याकाठची भट्टी, रक्ताची उलटी, आणि शेवटी हेच व्हायचं होतं ते झालं, असा निकालसुद्धा. गेणबानं ती नजर घेतली. खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, मिशी घासघासून पुसली आणि पंचा उकिरड्यावर भिरकावला. मग भर पावसात नदीवर गेला आणि कपड्यांसकट पाण्यात बसला.

बायका पांगल्यावर सारजाबाईनं खापऱ्या गोळा केल्या. तोंडाची खापरी हाताला लागली. कापडमाती जशीच्या तशी. भंडाऱ्याला नखसुद्धा लागलं नव्हतं. ती खापरी हातात घेऊन ती तिथंच तुसात बसली.

संध्याकाळी तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "म्या चुकले."

गेणबा जेवत राहिला. भाकरी संपवून म्हणाला, "मी रोज ऐकत हुतो. बैलाला वैरन टाकाया गेलो की आतनं घुसमटल्यावानी आवाज यायचा. फुटनार हाय, ह्ये मला कळत हुतं."

"मंग सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगू? तू इचारलं असतंस, तुमी तितं कान लावून काय करत हुता?"

सारजाबाई आता हेच विचारणार होती.

वैद्यबुवा रागावले, मग हसले, मग म्हणाले की पहिला रांजण सगळ्यांचाच फुटतो. दसऱ्यानंतर त्यांनी मनुका दिल्या, द्राक्षासव कर म्हणाले, आणि आपली रुंद तोंडाची चिनी मातीची बरणी दिली. या खेपेला सारजाबाईनं सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणं केलं. आणि आपल्या मनानं आणखी एक केलं. बरणी गोठ्यात ठेवली नाही. सरळ माजघरात, पाण्याच्या हंड्याशेजारी आणून ठेवली. वर नुसतं फडकं, सुतळीची एक गाठ, बाजूला लाकडी डाव. कुणीही यावं, फडकं उचलावं. रंभाबाई आली तेव्हा तिला मुद्दाम दाखवलं. "बग. उगडी हाय. आमच्या घरात चोर ऱ्हात न्हाई."

तिला वाटलं, आपण पाप फेडलं. आधी इस्वास ठेवला नाही, आता ठेवला. सोपं गणित.

गेणबा बरणीकडं बघून नुसतं "बरं" म्हणाला. भात कापून झालं होतं, झोडणी चालली होती, तो खळ्यावर राखणीला जायला लागला. सगळेच जातात, त्यात काही विशेष नव्हतं. जेवायला यायचा, उंबऱ्याबाहेर पडवीत बसून जेवायचा, भराभर उठायचा. थंडी पडली, सारजाबाईनं घोंगडी दिली. झोडणी संपली. वारं दिलं, रास झाली, भात घरात येऊन कणगीत पडलं. आणि गेणबा आपला राखणीलाच.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती बरणीत डाव फिरवत होती. बुडबुडे वर येत होते, मनुका फुगून तरंगत होत्या, वास गोडसर, उबदार, घरभर भरलेला. तिला तो वास आवडायचा. आसव असं सुंदर जमत होतं की वैद्यबुवांनी पाठ थोपटली असती. तिनं डाव खाली ठेवला. रिकाम्या खळ्यावर माणूस कशाची राखण करतोय?

ती तशीच निघाली. उन्हं चांगली वर आली होती. खळ्यावर धान्याचा दाणा नव्हता, चिमण्यासुद्धा उठून गेल्या होत्या. खोपीत पेंढ्यावर गेणबा बसला होता. चेहरा ओढलेला. आजारातनं उठला होता तेव्हा असा दिसायचा.

"माज्यावर राग हाय?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मंग घरी का येत न्हाई? म्या बरनी उगडी ठिवली, बगितलं न्हवं? मला तुमच्यावर इस्वास हाय."

"तुला हाय," गेणबा म्हणाला. "मला न्हाई. मी भितो."

ती खोपीच्या तोंडाशी खाली बसली.

"सारजे, तू एकदा भंडारा लावून मला बांदलंस. आन आता उगडं ठिवून बगतीस, ह्यो पितोय का ऱ्हातोय. दोन्ही बारीला तूच ठरवलंस. मला वास येतोय. घरात पाय ठिवला की येतोय, जेवताना घासाला येतोय. लोकांना वाटतं, शपत घेतली म्हंजे संपलं. एकदा न्हाई घ्यावी लागत ती. रोज घ्यावी लागती. मी रोज घेतोय आन हितं येऊन बसतोय." त्यानं तिच्याकडं बघितलं. "तू निस्तं इचारायचं हुतंस गं. एकदा."

सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसायलाही हात उचलला नाही. इतकी वर्षं ती वाट बघत होती की हा माणूस कधीतरी म्हणेल, आता मी पक्का झालो, भिऊ नकोस. तिला तेच ऐकायचं होतं. आणि हा म्हणत होता की मी भितो. नवऱ्याच्या तोंडनं 'भितो' ऐकायची तिची तयारी नव्हती. पण ऐकलं आणि कुठंतरी आत बरंच वाटलं. निदान आता दोघं एकाच गोष्टीला भीत होती.

"मंग आता इचारते," ती म्हणाली. "बरनी घरात ठिवू का नगं?"

गेणबानं पेंढ्यातली एक काडी उचलून मोडली. तिनं घाई केली नाही. बाईला ते आसव जिवापलीकडं हवं होतं, आणि त्याला ते माहीत होतं.

"नगं," तो म्हणाला.

"बरं."

"तू आसवं करनं सोडू नगंस. तुज्या हाताला त्ये हाय. पर घरात नगं."

"वैद्यबुवांच्या वसरीला जागा हाय. तितं जाऊन करीन. रोजची वाट पडंल, पडू दे." मग जरा थांबून ती म्हणाली, "एकटीला उचलायची न्हाई ती बरनी."

गेणबा उठला.

दोघांनी बरणीचं तोंड बांधलं, सुतळीचं जाळं करून तिला दांडीला अडकवलं आणि दांडी खांद्यावर घेतली. तो पुढं, ती मागं. पौडाची वाट उताराची आहे, बरणी हिंदकळायची, आणि प्रत्येक हिसक्याला फडक्यातनं वास सुटायचा. वारा मागनं होता. तो सगळा वास गेणबाच्या तोंडावर जात असणार, हे सारजाबाईला दिसत होतं. त्याच्या मानेवर घाम चढला होता. तिच्या जिभेवर कितीतरी शब्द आले: आलंच पौड, खंडोबाचं नाव घ्या, तुमी लई भारी मानूस हाय. तिनं ते सगळे गिळले.

अर्ध्या वाटेवर गेणबा थांबला. "ठिव," म्हणाला.

तिनं ठेवली. गेणबा चालत बांधापर्यंत गेला आणि पाठ करून बसला. दोन्ही हात गुडघ्यांमधे घट्ट दाबून धरलेले. सारजाबाई बरणीपाशी उभी राहिली. मग तिला वाटलं, आपण बरणीची राखण करतोय. तिनं बरणी तशीच वाटेवर एकटी सोडली, बांधावर गेली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिची पाठसुद्धा आता बरणीकडं होती.

वरून एक बैलगाडी आली. गाडीवान बरणीला वळसा घालून, या दोघांकडं बघत बघत निघून गेला. ऊन तापलं.

"आज जमंल का?" सारजाबाईनं विचारलं.

"हितपतोर जमलं," गेणबा म्हणाला. "अजून जरा बस."

ती बसली.